मास्तरनं काढलेलं पान

हळद शिजायला लागली की सांगलीची हवा पिवळी होते, असं मी पुण्यातल्या लोकांना सांगते आणि ते हसतात. हसू देत. माघातल्या सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं एकदा जाऊन बघावं. शेताच्या कडेला हळद शिजवायचे कुकर धडधडत असतात, वाफ जमिनीलगत लोळत असते आणि त्या वाफेला ओल्या मातीचा, थोडा कापरासारखा आणि थोडा आजारपणातल्या दुधाचा असा एक वास असतो. पुढे वाळत घातलेली हळद लांबच लांब पसरलेली दिसते. संध्याकाळी घरी येऊन रुमाल झटकला तर त्यातूनही पिवळी धूळ उडते.

यंदाही तो वास आला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, हातातला चिमटा हातातच राहिला आणि मी पंचवीसेक वर्षं मागे खणभागातल्या आमच्या घरात जाऊन पोचले. हा वास मला विचारून कुठे नेत नाही. तो सरळ नेऊन सोडतो, आणि दरवेळी एकाच माघात.

तो माघ नलूआत्याचा.

नलूआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. बाबांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, रस्त्याकडच्या खोलीत दुकान आणि मागे आमचं घर. शाळांची, वाचनालयांची फाटकी पुस्तकं तिथे यायची आणि नवा पुठ्ठा, नवा कणा घेऊन ताठ मानेनं परत जायची. खोलीला कायम खळीचा वास असे. खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेली चिकट लापशी. बाबा तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत. त्या निळ्या विषामुळे पुस्तकाला कसर लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही. आत्या मात्र एका वेगळ्या वाडग्यात स्वतःपुरती बिनमोरचुदाची खळ करायची. ती खळ पोपटवाल्याच्या पानांसाठी असायची.

पोपटवाला म्हणजे सिद्राम. जत तालुक्यातला, सीमेजवळच्या कुठल्याशा वाडीचा. बोलता बोलता मधेच एखादा कानडी शब्द टाकायचा आणि आपल्याला तो समजला असणारच असं धरून पुढे जायचा. त्याच्या पोपटाचं नाव मास्तर. मिठू का नाही, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "मिठू म्हंजी कोन बी आसतंय. ह्यो पानं काडतोय, निक्काल सांगतोय. मंग मास्तरच की."

सिद्रामच्या गठ्ठ्यातली पानं हा एक अजब संसार होता. जत्रेत कोण समोर येऊन बसेल त्याचा नेम नाही, म्हणून त्यात सगळ्यांची सोय. गणपती होता, यमाई होती, मिरजेच्या दर्ग्याचा घुमट होता, मेरीमाता होती. जुन्या कॅलेंडरांतून कापलेली चित्रं, कुठे काडेपेटीवरचा सिंह, कुठे साबणाच्या वेष्टनावरचं कमळ. पाठीमागे आत्याच्या टपोऱ्या अक्षरात भविष्य. मास्तर पिंजऱ्यातून डुलत यायचा, चोचीनं एक पान ओढायचा आणि दाणा घेऊन डुलत परत जायचा. चोचीनं पानांच्या कडा फाटत, म्हणून दरवर्षी जत्रांच्या आधी सिद्राम गठ्ठा आत्याकडे आणून टाकायचा.

आमच्या शेजारी सुजाताताई राहायच्या, नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचं घराणं बौद्ध. सिद्रामनं एकदा बुद्धाचंही पान मागितलं, तेव्हा आत्या त्यांना विचारायला गेली. त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. "आमच्यात भविष्य बघत नाहीत गं नलू. काढायचंच असलं तर झाड काढ नुसतं, आणि मागं लिही की स्वतःचं स्वतः बघ." आत्यानं तसंच केलं. पिंपळाचं ते पान गठ्ठ्यात सगळ्यांत देखणं होतं. ते ज्याला निघे तो मात्र जरा नाराज व्हायचा. भविष्य विचारायला आलेल्या माणसाला स्वतःचं स्वतः बघ म्हटलं तर कुणाला आवडेल?

त्या गठ्ठ्यात एकही वाईट पान नव्हतं. इतर पोपटवाल्यांकडे शनी असे, साप असे, मोडकी होडी असे. आत्या ती करायची नाही. सिद्राम म्हणायचा, "बाई, एखादं तरी वंगाळ पायजे, न्हाईतर मानसं इस्वास ठेवत न्हाईत." आत्या म्हणायची, "वाईट सांगायला घरचे आहेत की."

ते ती हसत म्हणायची, पण घरात कुणी हसायचं नाही. आत्याचं नक्षत्र मूळ. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याच्या जिवावर उठते असं कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलंय आणि एका कागदावरच्या त्या एका शब्दानं आत्याची सगळी स्थळं परत गेली. काही तिकडून परत गेली. काही आमच्या दारातूनच गेली, कारण बाबा पत्रिका आधीच पुढे करायचे. बाबा प्रामाणिक होते. लपवाछपवी नको, असं त्यांचं मत. त्या प्रामाणिकपणानं आत्या अडतिशीला आली, आणि "तिच्या नशिबातच नाही" हे वाक्य बाबांच्या तोंडी इतकं बसलं की ते चहा मागितल्यासारखं सहज यायचं.

माझी मुलगी इरा पुण्यात असते. नोकरी कॉम्प्युटरची, छंद टॅरोच्या पानांचा. मैत्रिणींना मोबाइलवरून भविष्य सांगते. आधी मला राग आला. एवढं शिकवलं ते पोपट व्हायला का, असं मी म्हणालेसुद्धा. मग तिनं मला त्या पानांची गोष्ट सांगितली आणि मी ऐकत बसले. ही पानं इटलीतल्या श्रीमंतांनी खेळायला केलेली. सोन्याचा वर्ख लावून, हातानं रंगवून. राजा, राणी, मनोरा, चंद्र, सगळं डाव जिंकण्यासाठी. कैक पिढ्या लोक त्यांनी नुसते खेळले. मग केव्हातरी फ्रान्समधल्या एका विद्वानानं जाहीर केलं की हे प्राचीन मिसरचं, म्हणजे इजिप्तचं, गुप्त ज्ञान आहे. त्या वेळी मिसरची ती चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याला खोटं पाडणारंही कुणी नव्हतं. तिथून पुढे ती पानं नुसती खेळायची राहिली नाहीत, बोलायला लागली.

जर्मनीत म्हणे असाच एक घरगुती खेळ होता, आशेचा खेळ. पानं मांडायची, फासे टाकायचे, सोंगटी पुढे सरकवायची. जहाज, किल्ली, कुत्रा, अंगठी अशी लहान लहान चित्रं. नांगराच्या पानावर पोचलं की जिंकलं. तीच पानं पुढे एका प्रसिद्ध ज्योतिषिणीच्या नावानं विकली गेली, आणि आजही लोक त्यांना विचारतात की माझी अंगठी कुठे आहे, माझं जहाज कधी येईल.

ऐकता ऐकता मला बाबांच्या मेजावरची एक गंजिफा आठवली. कुणा जुन्या घराण्यातल्या बाईंनी तिची पेटी दुरुस्तीला पाठवली होती. गोल पानं, लाखेची चमक, तळहातात मावणारी. मासा, कासव, वराह, एकामागून एक अवतार. इराणकडून आलेला खेळ, आपल्याकडे येऊन त्यानं दहा अवतार घेतले. बाबा ती पानं उजेडाकडे धरून बघत बसले होते. मी विचारलं, "यांनी भविष्य बघतात का?" ते म्हणाले, "छे. यांनी दुपार घालवतात." मला वाटतं, माणसाला आधी दुपार घालवायची असते. ती फार लांबली की मग तो पानांना विचारायला लागतो.

आत्याची दुपार फार लांबली होती.

त्या वर्षी गठ्ठ्यातलं एकच पान अगदी कामातून गेलं होतं, प्रवासाचं. आधी त्यावर आगगाडी होती. आत्यानं नवं केलं आणि त्यावर स्वतःच्या हातानं लाल एसटी रंगवली. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, पुस्तक मांडीवर घेऊन तिच्याशेजारी बसलेली असायचे. एसटीची पाटी तिनं कोरी ठेवली होती. मी म्हटलं, "गावाचं नाव?" ती म्हणाली, "ज्याचं गाव त्यानं वाचावं."

पौषात सिद्राम गठ्ठा घेऊन औंधच्या जत्रेला गेला, आणि परतला तो कपाळाला हात लावूनच. दुकानाच्या पायरीवर पिंजरा ठेवला आणि म्हणाला, "बाई, लय घोटाळा झालाय बगा. समद्यास्नी परवासच! म्हातारीला परवास, तिच्या नातवाला परवास. एक जन तर माज्याव तापला, म्हनला आत्ताच एष्टीतनं उतारलोय, कंबर मोडलीया, आनि तू परत बसीवतोस व्हय?"

बाबा इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. मास्तरला मेजावर सोडलं. तो पानांवरून तोऱ्यात चालत गेला, नव्या पानापाशी थांबला, ते ओढलं आणि त्याची कड चाटत बसला. जुन्या पानांची खळ केव्हाच वाळून बेचव झालेली. नव्यातली ताजी, मैद्याची, गोडसर. सगळ्या औंधच्या जत्रेचं नशीब एका चमचाभर मैद्यानं ठरवलं होतं.

"मोरचूद घाल म्हणून सांगत होतो," बाबा म्हणाले.

"मुका जीव आहे दादा. चोचीनं ओढतो तो."

"मंग आता कसं वं?" सिद्राम म्हणाला.

आत्यानं पानं गच्चीवर उन्हात पसरली. सुजाताताईंच्या गच्चीवर हळकुंडं वाळत होती, आमच्या गच्चीवर लोकांची भविष्यं. ऊन कोवळं होतं, वारा आला की देवदेवता थरथरायच्या, मग आत्या त्यांच्यावर खडे ठेवायची. काही दिवसांत नव्या पानाचा वास पार गेला. मास्तर पुन्हा कुठलंही पान काढू लागला. सिद्रामनं समाधानानं मान हलवली आणि सांगितलं की कडा तेवढ्या सारख्या करा, मी माघातल्या शेवटच्या ऐतवारी येतो.

याच दिवसांत वडूजचे कंपाउंडर आमच्याकडे येऊन गेले. पहिल्यांदा आले ते डॉक्टरांची जाड पुस्तकं बांधायला घेऊन. चाळिशी ओलांडलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. बोलणं हळू, बाटलीवर औषधाची पट्टी चिकटवावी तसं नीट. दुसऱ्यांदा आले तेव्हा पुस्तकं नव्हती. बाबांनी सवयीनं पत्रिकेचा विषय काढला. ते म्हणाले, "आमच्याकडं ती बघायला कोणी वडीलधारं राहिलेलं नाही. मला काही बघायचं नाही. तुमच्या बहिणीला विचारा."

आई आतून म्हणाली, "सासरे नाहीत, सासूबाई नाहीत. आता मूळ कुणाच्या मुळावर येणार?"

बाबा म्हणाले, "बघू."

तो "बघू" सगळा माघ घरात बसून राहिला. जेवताना असायचा, खळ ढवळताना असायचा. आज मला कळतं की बाबा वाईट नव्हते, अडकले होते. आता हो म्हणायचं म्हणजे इतक्या वर्षांचं प्रत्येक "नाही" आपल्या अंगावर घ्यायचं. आधी परत पाठवलेला एखादा असाच भला असला तर? आणि आत्या तोंड उघडून काही म्हणत नव्हती. अडतिसाव्या वर्षी मला लग्न करायचंय असं थोरल्या भावाला सांगायला आमच्या घरात भाषाच नव्हती. ती दिवसभर काम करायची. एकदा मी तिला गच्चीवर पाठमोरी बघितली, हातात ते लाल एसटीचं पान, आणि कुकरच्या वाफेकडे तोंड. ती रडत नव्हती. नुसती उभी होती, आणि तेच मला फार वाईट वाटलं होतं.

कंपाउंडरांनी निरोप पाठवला की हो किंवा नाही काय ते रविवारपर्यंत कळवा, वडूजला एक दुसरं स्थळ सांगून आलंय, त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही.

रविवारी सकाळी सिद्राम गठ्ठा न्यायला आला. आम्ही सगळे दुकानात होतो, सुजाताताईही वाटीभर हळद द्यायला आल्या होत्या. रस्त्यावरून हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला आणि उन्हाच्या तिरिपीत पिवळी धूळ तरंगत राहिली. आत्या पदराला हात पुसत म्हणाली, "सिद्रामकाका, आज माझं बघा."

"आवं, तुमचीच पानं. तुमास्नी काय बगायचं त्यात?"

"बघा तर."

मास्तर आला. पानांवरून फिरला. मला आठवतंय, बाबा सुरीला धार लावत होते आणि ती खरखर थांबली. मास्तरनं मान तिरकी केली, एक पान धरलं, ओढलं. लाल एसटी.

सिद्राम दचकला. "आता तर वास बी न्हाई त्याला," तो पुटपुटला. सुजाताताईंनी आत्याकडे बघितलं आणि पटकन खाली बघितलं. बाबा उठले. त्यांनी पान हातात घेतलं, उलटवून मागचं वाचलं, पुन्हा सुलटं केलं. उगाच इतका वेळ ते पान धरून उभे होते. मग अंगठा लेंग्याला पुसला आणि म्हणाले, "मास्तर म्हणतोय तर आपण कोण अडवणार? वडूजला फोन लावा."

आई देवापुढे साखर ठेवायला पळाली. मी आत्याला मिठी मारली. तिच्या केसांना खळीचा वास येत होता. पण तो रोजच यायचा.

कैक वर्षं मी ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगत आले. कॉलेजात सांगितली, सासरी सांगितली, इराला झोपवताना सांगितली. तिच्या टॅरोचं मूळ मिसरमध्ये नाही, फ्रान्समध्येही नाही, माझ्या त्या गोष्टीत असावं.

पुढे सिद्राम दिसेनासा झाला. पोपट पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानं बंदी होतीच, ती हळूहळू रस्त्यावर उतरली. मास्तरचं काय झालं मला नक्की माहीत नाही. सिद्राम शेवटचा दिसला तेव्हा गणपती मंदिराजवळ नुसती पानं मांडून बसला होता. लोकांना म्हणायचा, "तुमच्या हातानंच काडा." लोक वाकायचे, हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. चोचीला आपलं काही ठाऊक नसतं. हाताला सगळं ठाऊक असतं, म्हणून तो कचरतो.

बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीवाला बसतो.

परवा चिमटा हातात धरून उभी राहिले ना, त्याच आठवड्यात इरा आली आणि आम्ही दोघी वडूजला गेलो. आत्या आता साठी ओलांडलेली. बोलणंही तिकडचं झालंय. कंपाउंडरकाका अंगणात ऊन खात पेपर तोंडावर घेऊन झोपले होते आणि ती अधूनमधून त्यांची खुर्ची उन्हाबरोबर सरकवत होती. त्यांची झोप मोडायची नाही, इतकं सावकाश. एवढं बघायला मिळालं तरी माझं जाणं सार्थकी लागलं.

इरानं पानं काढली. आत्यानं एक हातात घेतलं, कडेवरून नख फिरवलं, नाकाशी नेलं.

"ह्यास्नी खळ लागत न्हाई व्हय?"

"नाही आजी, छापलेलीच येतात. प्लॅस्टिकसारखी."

चित्रात एक तरुण होता, खांद्यावर गाठोडं, पायाशी कुत्रं, निघालाय कुठेतरी आभाळाकडे बघत. इरा म्हणाली, "हा वेडा. म्हणजे नवी सुरुवात, प्रवास."

"मग ही माझी एष्टीच की," आत्या म्हणाली आणि खुदकन हसली. साठीची बाई इतकं लहान हसू शकते हे मला माहीत नव्हतं. "शुभे, त्या ऐतवारी मास्तरनं पान काढलं न्हवतं गं. मी काढायला लावलं. सकाळी तुमी समदी उठायच्या आत त्या एका पानाच्या कडेला बोटभर ताजी खळ लावली. दुसरं काय करणार? दादापुढं तोंड उघडत न्हवतं."

इरानं टाळी वाजवली. मला मात्र हसावं की चिडावं कळेना. माझा चमत्कार असा अंगणात उन्हात उघडा पडला होता. मग मला हसू यायला लागलं, आणि त्या मागोमाग तिच्याविषयी इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. एका कागदानं तिला अडवलं होतं. तिनं दुसऱ्या कागदाला खळ लावली.

"आणि कुणाला कळलं नाही?" इरानं विचारलं.

आत्यानं ते पान इराच्या हातात परत दिलं. ऊन सरकून काकांच्या पायांपुरतंच उरलं होतं, ती उठली, खुर्ची थोडी सरकवली आणि तिथेच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा बांधणीवाला गं," ती म्हणाली. "जन्मभर खळीत हात. पान हातात घिऊन किती येळ उभा ऱ्हायला बघितलंस न्हवं, शुभे? कड वली हुती. अंगठा चिकाटला त्याचा. माझ्याकडं एकदा बघितलं त्यानं, आनि अंगठा लेंग्याला पुसून टाकला."